‘आमच्या लाईनीत काहीच नाही’ म्हणणाऱ्या ब्रीडर मंडळींना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक आणि तिकडं मुधोळ-जमखंडीपर्यंत कुत्र्यांची पिल्लं काढून विकणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या अनगोळची. डॉक्टर नाही, डॉग शोवाली नाही, कुठल्या प्राणीमित्र संघटनेची तर अजिबातच नाही. घरात एक लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रा, आहे, ब्रूनो, सहा वर्षांचा, आणि त्याच्या मागच्या दोन पायांनी मला जेवढं शिकवलंय तेवढं कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. पत्र रागानं लिहीत नाहीय हां. राग होता, बराच होता, पण आता निवलाय. कारण असं झालं की गेल्या महिन्यात नणंदेचा मुलगा आला आणि म्हणाला, मामी तुला कुत्र्यांतलं कळतं, मला पण लॅबच घ्यायचाय, कुणाकडनं घेऊ सांग. आणि मला सांगताच येईना. म्हणजे पिल्लं कुणाकडं मिळतात ते सांगता येतं, भाव सांगता येतो, पण लाईनीत, म्हणजे कुत्र्याच्या घराण्यात, काही आजार आहे का ह्यावर तुमच्यातला खरं कोण बोलतो हे बाहेरनं ओळखायचं कसं? त्या रात्री बसून जे सुचलं ते त्याच्यासाठी लिहून काढलं आणि मग वाटलं, त्याला एकट्याला कशाला, तुम्हालाच पाठवावं.

आधी आमचीच चूक सांगते. माझे सासरे नंदगडच्या बाजूचे, आख्खं आयुष्य बैलांत गेलेला माणूस, चिंचलीला मायक्काच्या जत्रेला गाडी जुंपून जाणारे. बैल घ्यायचा असला की एका दिवसात व्यवहार कधीच नाही. आदत आहे का दुसा का चौसा, दात बघणार, खूर बघणार, वशिंड बघणार, अंगावर भोवरा कुठं आहे ते बघणार, चालवून बघणार, परत चालवून बघणार आणि मग विकणाऱ्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न, "खोड काय हाय ते सांग आधी." जो म्हणेल काहीच खोड नाही त्याचा बैल घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. बिनखोडीचा बैल म्हणजे देवळातला नंदी, म्हणायचे. तर असा हा माणूस, आणि मी, आणि आमचे हे, आणि दोन पोरं, असे पाच जण आम्ही तुमच्यातल्या एकाच्या दारात गेलो आणि वीस मिनिटांत पिल्लू घेऊन बाहेर! सासऱ्यांनी त्याचं तोंडसुद्धा उघडून बघितलं नाही, कारण ते त्यांच्या मांडीवर झोपलं ना.

कुणाच्या दारात ते सांगणार नाही. पिल्लू ४० दिवसांचं होतं. आई कुठाय विचारलं तर म्हणे शेतातल्या घरी ठेवलीय, पिल्लांना चावायला बघते. बापाचा फोटो दाखवला, गळ्यात रिबीन, शेजारी कप. ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं म्हणून विचारलं, लाईनीत काही आजार वगैरे? "काहीच नाही ओ सर, बारा वर्षं झाली करतोय, एक कंप्लेंट नाही." तेवढ्यात मागं उभा असलेला त्यांचा पोरगा काहीतरी बोलायला तोंड उघडतोय तर ते ब्रीडर मागं न बघताच म्हणाले, "अदु हेळब्याडो." आता आपण बेळगावची माणसं, घरात मराठी असली तरी बाजार कन्नडमध्ये करतो, ‘ते सांगू नको’ एवढं न कळायला काय झालं. मला वाटलं भावाचं असेल, आमच्या आधी कुणाला तरी दोन हजार कमी केले असतील. मला तर हसू आलं होतं त्या वेळी.

नऊ महिन्यांचा झाला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पळताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखं. पोरांना गंमत वाटायची. मग फरशीवरून उठताना आधी पुढचे पाय टाकून मागचं अंग ओढायला लागला, जिना चढायचा बंद झाला, पावसाळ्यात तर सकाळी दहा-दहा मिनिटं उठायचाच नाही. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं फोटो काढा, कोल्हापूरला नेला, थोडी भूल देऊन उताणा झोपवून पाय सरळ ताणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली, हा खुब्याचा गोळा, ही वाटी, गोळा वाटीत पूर्ण बसायला पाहिजे, ह्याची वाटी उथळ आहे बघा, अर्धा गोळा बाहेर. दोन्हीकडं. हिप डिस्प्लेझिया.

फोन केला. पलीकडनं त्या पिल्लू विकणाऱ्याचा आवाज एकदम गोड. तुम्ही फरशीवर ठेवला असणार मॅडम, जास्त खायला घातला असणार, जिन्यावरनं उतरवला असणार. आणि इथंच माझी पंचाईत झाली, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं! घरात सगळीकडं टाईल्स आहेत आणि आत्या त्याला रोज तूप लावून दोन भाकऱ्या जास्तीच्या घालायच्या. हे मी नंतर वाचलं की कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिना कंपनीनं ४८ लॅब्राडोर घेऊन मरेपर्यंत अभ्यास केला होता, एकाच वेतातली दोन-दोन पिल्लं, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला, बाकी सगळं सारखं. कमी खाल्लेली साधारण १३ वर्षं जगली, भरपूर खाल्लेली ११.२, आणि खुब्याचा संधिवात कमी खाल्लेल्यांना उशिरा आणि कमी झाला. म्हणजे खाण्यानं फरक पडतो, नक्की पडतो. आत्यांना वाचून दाखवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्या ४८ कुत्र्यांत खाण्यानं कमीजास्त झालं ते मुळात जे रक्तात होतं तेच. आमच्या भाकरीनं दुखणं वाढलं असेल, वाटी उथळ नुसत्या भाकरीनं झाली नाही.

तरीपण गप्प बसले असते मी. पुढं शहापुरातल्या दवाखान्यात नंबरला बसलो होतो तर समोर एक गृहस्थ, त्यांच्या पायाशी ब्रूनोचाच जुळा भाऊ वाटावा असा लॅब. बोलता बोलता निघालं की खरंच भाऊ होता, त्याच वेतातला, तोच खुबा. त्यांनी माझ्या आधी दीड महिना फोन केला होता आणि त्यांना पण फरशीच सांगितली होती. गंमत म्हणजे त्यांच्याकडं शेणानं सारवलेली जमीन! आणि त्यांच्या ओळखीतल्या एकाकडं ह्याच जोडीच्या आधीच्या वेतातली मादी होती, तिला पण तेच, आणि त्यांनी तर आमच्या किती आधी कळवलं होतं. म्हणजे आम्ही पिल्लू मांडीवर घेऊन बसलो होतो त्या दिवशी त्या घरात एक कंप्लेंट आधीच येऊन पडलेली होती. अदु हेळब्याडो. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ते आठवलं आणि पोटात ढवळल्यासारखं झालं. त्यानंतरच्या दिवाळीला त्याच नर-मादीची परत आठ पिल्लं झाली आणि सगळी गेली.

तर माझी तक्रार काय आहे ते नीट समजून घ्या. ब्रूनोला हा आजार झाला ही तक्रार नाही. हा एका जीनचा खेळ नाही, पुष्कळ जीन मिळून आणि वर वजन, वाढ, व्यायाम असं सगळं मिळून होतो, त्यामुळं आईबापाचे खुबे चांगले असूनसुद्धा एखादं पिल्लू असं निघू शकतं आणि त्यासाठी कुणाला चोर म्हणायचं काही कारण नाही. तक्रार ही आहे की पहिला फोन आल्यावर त्यांनी माझ्यासमोर नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा तीच जोडी लावली.

लाईनीत आजार आहे का ह्या प्रश्नाला तुमच्याकडनं तीन तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात, मी आता तेवढ्यावरच माणूस ओळखते. एक म्हणजे ‘नाही’. दुसरं ‘माहीत नाही, कधी तपासलं नाही’. तिसरं ‘तपासलंय, हे निघालंय, हे बघा कागद’. आपल्याकडं पहिलं उत्तर शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांकडनं ऐकायला मिळतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. खरं तर दुसऱ्या उत्तराचा माणूस त्याच्यापेक्षा हजारपट बरा. खेड्यात राहतो, भूल देऊन खुब्याचा एक्स-रे काढून तो वाचणारा डॉक्टर तालुक्याला नाही, पैसे नाहीत, त्यानं ‘माहीत नाही’ म्हटलं तर मी मान देईन. पण न तपासता ‘नाही’ म्हणायचं म्हणजे डोळे मिटून चहात माशी नाही म्हणण्यासारखं आहे.

कागदांचं पण एकदा बोलूया, कारण आमच्यासारख्यांना कागद बघितला की गार वाटतं आणि ते तुम्हाला बरोबर माहितेय. लसीचं कार्ड म्हणजे लस दिली एवढंच. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद म्हणजे आईबाप कोण, आजा-पणजा कोण, तेही तुम्ही लिहून दिलेलं. त्यात खुब्याचं, डोळ्याचं, हृदयाचं काही नसतं. चॅम्पियन म्हणजे रिंगमध्ये जजला त्याची ठेवण आणि चाल आवडली, जज काय खिशात एक्स-रे मशीन घेऊन फिरत नाही. आणि ‘व्हेटनं बघितलंय, एकदम फिट’ हे सगळ्यात वाईट, कारण हात लावून खुबा कळत नाही, निदान सौम्य असला तर नाहीच. खुब्याचा खरा कागद कसा असतो? अमेरिकेत ओएफए नावाची संस्था आहे, ती कुत्रं २४ महिन्यांचं झाल्याशिवाय शेवटचा ग्रेड देत नाही. एफसीआय म्हणजे केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या पद्धतीत ए पासून ई पर्यंत ग्रेड, ए म्हणजे उत्तम, ई म्हणजे ब्रूनो. आणि फिल्मवरच कुत्र्याच्या मायक्रोचिपचा नंबर, १५ आकडी असतो तो, आणि तारीख छापलेली पाहिजे, नाहीतर तो एक्स-रे कुणाचाही असू शकतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याचा पण. मला एकानं मोबाईलवर एक्स-रेचा फोटो दाखवला, मी विचारलं नंबर कुठाय, तर म्हणाला मॅडम तुम्ही लई खोलात जाताय. खुबा खोलातच असतो ओ!

आता हे सगळं महाग आहे, लांब आहे, मान्य. पण काही प्रश्नांना एक रुपया लागत नाही. डॉबरमन विकणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारते, ह्याची आजी कशानं गेली आणि किती वर्षांची होऊन गेली? कारण डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगायचा आजार फार आहे, डीसीएम म्हणतात, आणि तो असा हरामखोर आहे की कुत्रं शेवटच्या दिवसापर्यंत पळत असतं आणि एक दिवस गेटपाशी कोसळतं. त्याची तपासणी म्हणजे इको आणि २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगाला बांधून ठेवायचं ईसीजीचं यंत्र, आणि ती पण एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावी लागते, दोन वर्षांच्या वयाला नॉर्मल निघालेलं कुत्रं पाचव्या वर्षी नॉर्मल असेलच असं नाही. आपल्या भागात हे कोण करतंय? पण आजी, आजोबा, मावश्या किती जगल्या हे तर वहीत लिहिता येतं. ‘अचानक गेला, कुणीतरी विष घातलं असणार’ असं एका घरातल्या तीन कुत्र्यांबद्दल ऐकलं की मला विष घालणाऱ्यापेक्षा हृदयाचा संशय जास्त येतो.

डोळ्यांचं आणखी वेगळं. लॅबमध्ये एक पीआरए म्हणून आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो, आधी रात्रीचं दिसत नाही, मग पूर्ण आंधळं. सुरू होतं ते तीन-चार वर्षं उलटल्यावर, तोपर्यंत त्या मादीची दोन-तीन वेतं होऊन पिल्लं गावोगाव गेलेली असतात. हा मात्र एकाच जीनचा मामला आहे आणि गणित सोपं आहे: आईकडनं एक आणि बापाकडनं एक अशा दोन्ही खराब प्रती आल्या तरच आजार, एकच आली तर कुत्रं आयुष्यभर ठणठणीत, पण पुढं देऊ शकतं. दोघंही असे ठणठणीत वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून ‘आमच्या नराला रात्री पण चकाचक दिसतं’ ह्याला काही अर्थ नाही. गालाच्या आतनं कापसानं लाळ घेऊन डीएनए तपासता येतो, आयुष्यात एकदा. आणि ह्यात तुम्ही ज्याला घाबरता ते काहीच नाही बघा, वाहक निघाला म्हणजे कुत्रं टाकून द्यायचं नाही, त्याला फक्त स्वच्छ निघालेल्या जोडीदाराशी लावायचं, एकही पिल्लू ह्यानं आंधळं होणार नाही. म्हणजे खरं सांगून धंदा बुडत नाही, उलट चांगली लाईन हातात राहते. पण वाहक म्हटलं की लोक महारोग झाल्यासारखं करतात, मग तुम्ही पण लपवता.

ते लाईन ब्रीडिंगचं, म्हणजे नात्यातल्या नात्यात जोडी लावायचं, पण. भाऊ-बहीण, बाप-मुलगी लावली की पिल्लं ‘टाईप’ला, म्हणजे जातीच्या ठेवणीला, चांगली निघतात म्हणे. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न चालतं, कन्नड घरांत तर खुद्द मामाशी पण झालेली बघितलीत मी, त्यामुळं मी ह्यावर फार शहाणपणा शिकवणार नाही. एवढंच म्हणते की अशा लग्नात आता मुलीकडचे पण डॉक्टरला विचारून घेतात. आणि सोयरिकीत पाव्हण्यांच्यात कुणाला कोड आहे का, फिट येते का, हे गावच्या न्हाव्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना विचारून मगच सुपारी फुटते. कुत्र्याला दोन्ही आजोबा एकच असले तरी कुणी विचारत नाही.

पग विकणाऱ्यांना दोनच ओळी. घोरणं क्यूट नसतं, त्याला श्वास घेताना त्रास होतोय. अथणी-रायबागच्या एप्रिलमधल्या उन्हात तो कुत्रा कसा जगणार हे पिल्लू देताना सांगत नसाल तर तुमच्याशी बाकीचं बोलण्यात अर्थ नाही.

मुधोळवाल्यांशी, म्हणजे मुधोळ हाउंड जातीची कुत्री विकणाऱ्यांशी, मात्र जरा जास्त बोलायचंय, कारण तो आपला अभिमान आहे. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री जपली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, २००५ ला टपाल तिकिटावर आलं, लष्करानं मेरठला पिल्लं नेऊन ट्रेनिंग दिलं, २०२० ला पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतलं. हे सगळं आम्हाला पण पाठ आहे आणि ऐकलं की छाती फुगते. पण नाव झाल्यावर गिऱ्हाईक वाढलं, गिऱ्हाईक वाढल्यावर ज्याच्याकडं एक मादी तो पण ब्रीडर झाला, आणि आता सगळ्यांच्या तोंडी एकच, "देशी हाय ओ, ह्यास्नी काय रोग लागत नाहीत." शेतात राबून, ससे मारून, उन्हातान्हात जी टिकली त्यांची औलाद काटक असणार हे मी पण मानते. सासरे पण असंच म्हणतात, खिल्लाराला काय होतंय म्हणून. पण लॅबचे आजार आपल्याला माहीत आहेत ते जगभर हजारो लॅब तपासले म्हणून. मुधोळचे खुबे, डोळे, हृदय किती जणांनी तपासून घेतलेत? शोधलंच नाही तर सापडणार कुठनं! आणि पूर्वी जे कमजोर निघायचं ते शेतात आपसूक मागं पडायचं, आता फ्लॅटमध्ये सोफ्यावर वाढतं आणि त्याची पण पिल्लं काढली जातात. तेव्हा ‘रोग लागत नाहीत’ हे तुम्ही म्हणू नका. ‘आमच्याकडची सात कुत्री अमुक-अमुक वर्षं जगली, एक पोटानं गेलं, एकाला फिट यायची’ असं म्हणा. ते मुधोळला जास्त शोभेल.

आणि आता ती गोष्ट जी मी नणंदेच्या मुलाला पण सांगितली नव्हती.

ब्रूनो घ्यायच्या आधी आम्ही आणखी एका माणसाला फोन केला होता. खानापूरकडचे, वयस्कर, वर्षाला फार तर एक वेत काढणारे. त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, "ताई, एक सांगून ठेवतो, ह्या मादीच्या मागच्या वेतातल्या दोन पिल्लांना खुब्याचा त्रास निघाला. म्हणून ह्या वेळी नर बदललाय, त्याचा एक्स-रे काढून घेतलाय. पण ग्यारंटी देत नाही." वर आणि मलाच विचारलं, घरात जिने किती, फरशी कसली, दिवसा घरात कोण असतं, आधी कुत्रं पाळलंय का. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, नको बाई, ह्यांच्याकडं आजारी पिल्लं निघतात, आणि किती चौकश्या, जसं काय मुलगी देतायत. आणि ज्यांच्याकडं ‘एक कंप्लेंट नाही’ त्यांच्याकडं गेले.

म्हणजे खोड सांगणारा माणूस मला भेटला होता. सासऱ्यांचा नियम घरातल्या घरात ऐकून ऐकून पाठ होता. आणि मी तोच माणूस टाकून नंदी विकणाऱ्याकडं गेले, स्वतःच्या पायानं, गाडीला शंभरचं पेट्रोल घालून. म्हणून मी तुम्हाला नुसतं खोटारडे म्हणून मोकळी होऊ शकत नाही. आम्ही गिऱ्हाईकंच अशी आहोत की खरं बोलणाऱ्याची पिल्लं तीन-तीन महिन्यांची होईपर्यंत त्याच्या अंगणात राहतात आणि खोटं बोलणाऱ्याची ३५ दिवसांत संपतात. तुम्ही पण शेवटी पोटासाठीच करताय. खरं बोलून एकदा हात पोळला की दुसऱ्यांदा कोण बोलेल? त्या खानापूरच्या काकांना मी दोन वर्षांनी परत फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, तुमच्यासारखे त्या वेताला सोळा फोन आले होते. पिल्लं सहा होती, त्यातली दोन त्यांनी शेवटी गावात फुकट दिली.

कायद्याचं फार बोलत नाही, कायद्यानं खुबे सुधारत नाहीत. पण २०१७ चे डॉग ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, १८ महिन्यांच्या आतली मादी लावायची नाही. आम्ही ४० दिवसांचं पिल्लू आणलं म्हणजे आम्ही पण त्यात भागीदारच. तुमच्यातल्या कितीजणांनी नोंदणी केलीय ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

मला तुमच्याकडनं हवंय ते त्यापेक्षा सोपं आहे. एक दोनशे पानी वही घाला. कुठली मादी, कुठला नर, किती पिल्लं, कुणाच्या घरी गेली, फोन नंबर. वर्षातनं एकदा, गणपतीत म्हणा, दिवाळीत म्हणा, सगळ्यांना फोन करा, कुत्रं कसं आहे विचारा आणि जे सांगतील ते लिहा, चांगलं पण आणि वाईट पण. एखाद्या पिल्लाला काही निघालं तर त्याच्या भावंडांच्या घरी तुम्ही होऊन कळवा, म्हणजे ते वजन आटोक्यात ठेवतील, फरशीवर सतरंजी टाकतील, डोळे तपासून घेतील. आम्हाला दवाखान्याच्या बाकावर कळलं ते तुमच्याकडनं कळलं असतं तर ब्रूनोच्या ताटातल्या दोन भाकऱ्या वर्षभर आधी कमी झाल्या असत्या. आणि नवीन गिऱ्हाईक आलं की वही त्याच्या पुढं ठेवा. वही दाखवल्यावर जो पळून जाईल त्याला जाऊ दे.

आणि आईला शेतातल्या घरी ठेवू नका. दाखवा. चावत असली तर तेही बघू दे आम्हाला.

नणंदेच्या मुलाला मी खानापूरचाच नंबर दिलाय. काकांकडं ह्या वर्षी वेत नाही, त्यांची आताची मादी सहा वर्षांची झाली, तिला आता बंद केलंय म्हणाले, तिच्या मुलीचा एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढणार, नीट निघाला तर पुढच्या वर्षी बघू. पोरगा कुरकुर करतोय, एवढं कोण थांबतंय म्हणून. त्याला ब्रूनोला रोज संध्याकाळी फिरवायला लावलंय मी, कोपऱ्यापर्यंत आणि परत, तेवढंच चालवतं त्याला.

ज्यांच्याकडनं ब्रूनो आणला त्यांच्यासाठी एवढंच, की तुमच्या त्या नराचे अजून फोटो फिरतात, कपाशेजारचे. ब्रूनोचा एक्स-रे आमच्या कपाटावर पिवळ्या पाकिटात आहे, त्यावर तारीख आहे, चिपचा नंबर पण आहे. तुम्हाला वहीला लावायला कॉपी पाहिजे असली तर येऊन घेऊन जा. येताना पोराला पण आणा. त्या दिवशी तो काय सांगत होता ते मला अजून ऐकायचंय.

आपली,
अनगोळातली एक ब्रूनोची आई